प्रथिन होत नाही, म्हणून फेकून दे

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अप्पांना बाहेर बोलावलं आणि आईला खोलीतच बसवून ठेवलं. मी दाराच्या चौकटीत उभी होते. तेव्हा मी बारावीला होते, घरात इंग्रजी वाचता येणारी एकटीच, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात होता. डॉक्टर हळू आवाजात अप्पांना म्हणाले, "बाईंना काही सांगू नका. बायका धीर सोडतात. साधी गाठ आहे, काढून टाकू, एवढंच सांगा." अप्पांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

बीडला परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. ती काहीच विचारत नव्हती. मला वाटलं, बरं झालं, विश्वास बसला तिचा. मांजरसुंब्याला गाडी चहापाण्याला थांबली, अप्पा पाय मोकळे करायला उतरले, आणि आईने माझं मनगट धरून मला धाब्याच्या बाकड्यावर आणून बसवलं.

"काढ तो कागद," ती म्हणाली.

"आई, घरी गेल्यावर बघू."

"घरी चार बाया येऊन बसल्या असत्याल. हितंच सांग. काय लिवलंय त्येच्यात?"

मी कागद काढला. इंग्रजीत जे होतं ते तसंच वाचून दाखवलं, जणू परक्या भाषेत वाचलं की ते खरं होणार नव्हतं.

"म्हंजी काय?"

"कॅन्सर."

पोऱ्याने चहा आणून ठेवला. आईने तो बशीत ओतला, फुंकला आणि सगळा प्यायली. समोर ट्रकवाले एकमेकांना शिव्या देत होते. मला वाटलं, आता ती कोसळेल. तिने बशी खाली ठेवली आणि दुसरा चहा मागवला. तेवढ्यात अप्पा आले. माझ्या मांडीवरचा उघडा कागद बघून ते जागीच थांबले.

"तुमी कावून लपवलं?" आईने विचारलं.

"डाक्टर म्हनले, सांगू नका."

"डाक्टरच्या अंगात हाय का गाठ? माज्या अंगातली गोष्ट मला सोडून समद्यांला ठाव हाय. डाक्टरला ठाव, तुमाला ठाव, ह्या पोरीला ठाव. मी काय पिशवी हाय का, गाठ ठिवायची?"

अप्पांचे डोळे भरून आले. आई म्हणाली, "आता रडू नका. कधी कापायचं ठरलंय, ते सांगा."

ऑपरेशनच्या दिवशी पहिला वाद झाला तो गळ्यातल्या इष्टलिंगावरून; आम्ही लिंगायत, ते अंगावरून कधी उतरवायचं नसतं. नर्स म्हणाली, अंगावर काही चालत नाही, काढून द्या. आई म्हणाली, लेकरू पोटातून भाईर येताना काढलं न्हाई, आता बी काढायची न्हाई. नर्सने मोठ्या सिस्टरला बोलावलं, सिस्टरने डॉक्टरांना. शेवटी भूल देणाऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी स्वतःच ती चांदीची लिंगडबी आईच्या उजव्या मनगटाला पट्टीने बांधली आणि सगळ्यांना कामाला लावलं. आई तशीच आत गेली आणि तशीच बाहेर आली, फक्त डावा स्तन आतच राहिला.

त्यानंतर इंजेक्शनं झाली, केस गेले, नखं काळी पडली. ते सगळं मी लिहीत बसत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

बीडच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. आजारापूर्वी दुपारी अप्पा जेवायला घरी आले की आई गल्ल्यावर बसायची. आता नातेवाइकांचं म्हणणं पडलं की तिने घरातच बसावं, लोक काय म्हणतील. माझ्या एका चुलतीने मोठ्या मायेने कापसाची एक छोटी उशी शिवून आणली, ब्लाउजच्या आत ठेवायला. म्हणजे कुणाला कळणार नाही. आईने ती एक दिवस वापरली. दुसऱ्या दिवशी तिची शिवण उसवली, कापूस पिंजला आणि देवापुढच्या वाती वळल्या. दुपारी पदर घेऊन ती दुकानात जाऊन बसली.

बायका यायच्या, रुखवताची भांडी बघायच्या, आणि त्यांची नजर आईच्या डाव्या बाजूला जाऊन परत यायची. एक ओळखीची बाई आली, तिने पाण्याचा तांब्या परत केला. तहान नाही म्हणाली. ऊन मी म्हणत होतं. आईने तोच तांब्या तोंडाला लावून रिकामा केला आणि विचारलं, "कळशी कोणती दाखवू?"

ते दिवस विचित्र होते. बाजारात रोज काहीतरी नवीन यायचं. एसटीडीची पिवळी पाटी, केबलच्या तारा, रंगीत प्लास्टिकच्या बादल्या, न चिकटणारे तवे. गावात इंजिनिअरिंगच्या क्लासेसचे फलक लागले. दुनिया बदलतेय असं सगळे म्हणत होते, आणि कॅन्सरचं नाव मात्र अजून "तो आजार" असंच होतं.

त्या वर्षी कार्तिकात आम्ही नेहमीसारखे कपिलधारला यात्रेला गेलो. महाप्रसादाच्या भाकरी थापायला आमच्या ओळखीपाळखीच्या बायका चुलींच्या रांगेत बसलेल्या. आई दर वर्षी बसायची, तशी गेली. तिथली व्यवस्था बघणारी एक थोरली बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमी आराम करा बाई. आवंदा ऱ्हाऊ द्या." मागून कुणीतरी कुजबुजलं, लागट असतंय म्हनं.

आईला ते ऐकू गेलं. ती मागे वळून मोठ्यांदा म्हणाली, "लागट असतं तर आमचे मालक पयले गेले असते. ते बगा, तिकडं लाइनीत उभे हायती, दोनदा जेवत्यात." चुलीपाशी हशा पिकला. त्या हशातच तिने एक काठवट ओढून घेतली आणि पीठ मळायला बसली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. थोड्या भाकऱ्यांनंतर तो सुजायला लागला. ती थांबली नाही. मी तिच्यावर चिडले होते, कारण रात्रभर तो हात मलाच शेकायला लागणार होता. तरी मी पंगतीपाशी जाऊन उभी राहिले, तिच्या टोपलीतल्या भाकऱ्या उचलतात की नाही ते बघायला. वाढणाऱ्यांना कुणाची कुठली टोपली ते ठाऊकच नव्हतं. सगळ्या संपल्या.

आईचा एकच प्रश्न राहिला होता. "पर हे मला झालं कावून?"

तिला उत्तरं भरपूर मिळाली. मागच्या जन्मीचं पाप. अल्युमिनियमच्या पातेल्यातला स्वयंपाक. मला कमी दिवस अंगावर पाजलं. कुणाची तरी नजर. ती प्रत्येक उत्तर ऐकून घ्यायची आणि मग खोडून काढायची. अल्युमिनियमचं म्हणाल तर आख्ख्या गल्लीत हाय. पापाचं म्हणाल तर अमक्या सावकाराला कावून न्हाई झालं? तपासणीला गेलो की डॉक्टरांनाही ती विचारायची. डॉक्टर म्हणायचे, असं नेमकं सांगता येत नाही. त्यावर तिचं एकच असायचं, "मंग कुनीतरी शोधत असंल की."

मी शोधेन, असं काही मी त्या वेळी म्हटलं नाही. मला मेडिकलला जायचं होतं आणि मार्क कमी पडले. बी.एस्सी.ला नाव घातलं. शेवटच्या वर्षाला असताना एक स्थळ आलं, शेजारच्या तालुक्यातलं, कापडाचे व्यापारी. बोलणी बरीच पुढे गेली होती. मग त्यांच्याकडून एक पाहुणे आले, चहा घेतला आणि अप्पांना म्हणाले, "मुलगी चांगलीच हाय, पण तिच्या आईचं ते... घराण्यात असतंय म्हनत्यात. उद्या पोरीला झालं तर?"

आई आतून बाहेर आली. "बराबर हाय तुमचं," ती म्हणाली. "होऊ शकतंय. मंग तुमी तिला घरात ठिवणार का भाईर काडणार, ते सांगा."

पाहुण्यांनी कपातला उरलेला चहा तसाच ठेवला. "तसं न्हाई वैनी..."

"तसंच हाय. आमीच न्हाई म्हनतो. घरी जाऊन सांगा, पोरीकडच्यांनी नकार दिला."

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "तुला पुढं काय शिकायचं व्हतं, ते आता बोल." मी बोलले. औरंगाबादला एम.एस्सी. केलं आणि नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागले. विषय होता स्तनाच्या कर्करोगातली जनुकं.

आमची प्रयोगशाळा ज्या श्रद्धेवर चालायची ती साधी होती. पेशीतला डीएनए म्हणजे मूळ पोथी. त्यातला हवा तो भाग आरएनएत उतरवून घेतला जातो, आणि त्या आरएनएवरून प्रथिन बनतं. पेशीतली कामं प्रथिनं करतात. आरएनए म्हणजे नुसता निरोप्या. माणसाच्या डीएनएचा फार थोडा भाग प्रथिनांच्या उपयोगाचा; उरलेल्याला तेव्हा सरसकट जंक म्हणायचे, भंगार. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला त्या शब्दाचं तेवढं भय वाटत नाही; तिथे मोडीलाही भाव असतो.

माझं काम असं होतं की गाठीचा तुकडा आणि तिच्याच शेजारचा निरोगी तुकडा घ्यायचा, दोन्हींतून आरएनए काढायचा आणि गाठीत कोणता जास्त आहे ते बघायचं. आरएनए फार नाजूक. तो मोडून टाकणारी द्रव्यं आपल्या बोटांवर, घामात, श्वासातही असतात. दोन-दोन हातमोजे घालून, तोंड बांधून, बर्फावर काम करायचं. शेवटी एक एक्स-रे फिल्म धुवून बघायची. त्यावर काळे पट्टे उमटत. जितका आरएनए जास्त, तितका पट्टा गडद.

दुसऱ्या वर्षी मला एक पट्टा मिळाला जो कित्येक गाठींत गडद होता आणि शेजारच्या निरोगी भागात जेमतेम दिसत होता. मी हरखले. त्या आरएनएची अक्षरं वाचून काढली. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, तसे शब्द लावत गेलं की प्रथिनाची कृती मिळते. माझ्या आरएनएत मिळेना. पहिल्या अक्षरापासून लावा, दुसऱ्यापासून लावा, तिसऱ्यापासून लावा, थोडं पुढे गेलं की थांबण्याची खूण येई. एवढा लांबलचक आरएनए, आणि त्यातून धड एक प्रथिन होत नव्हतं.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, हुशार आणि फटकळ माणूस, वर्षातून चार वेळा परदेशी जाणारे. त्यांनी कागद वरवर चाळला.

"प्रथिन होत नाही ना? मग फेकून दे."

"पण सर, गाठीत तो इतका जास्त आहे."

"गाठीत पेशी बेफाम झालेल्या असतात. काहीही उतरवून काढतात. हा गोंगाट आहे, अगं. नाहीतर तुझ्या आरएनएत डीएनए मिसळलाय. हात स्वच्छ ठेवत जा."

हातावरून बोललेलं मला झोंबलं. मी डीएनए कापून काढणारं द्रव्य घालून आरएनए पुन्हा काढला. पट्टा होताच. सर म्हणाले, अजून मिसळलेला असेल. मग मी मूळ डीएनएतला तो भाग शोधून काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले. डीएनएत मधे एक मोठा मजकूर होता जो माझ्या आरएनएत नव्हता. दोन्ही टोकं नीट जुळवून मधला भाग कापून टाकलेला. असं कापणं आणि जोडणं पेशीच करते, तेही आरएनए तयार झाल्यावर. म्हणजे तो मिसळलेला डीएनए नव्हता. पेशीने खपून तयार केलेली वस्तू होती.

हे मी प्रयोगशाळेच्या चर्चासत्रात मांडलं. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ पुढच्या रांगेत होते. ते हसून म्हणाले, "म्हणजे मॅडम कचऱ्यावर पीएच.डी. करणार." सगळे हसले. सरही हसले. मी म्हटलं, बायकांच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद करून ठेवणारा जो आरएनए आहे, त्याचंही प्रथिन होत नाही, आणि ते तर छापून आलेलं आहे. ते म्हणाले, "तो अपवाद." मी म्हटलं, "अपवाद एकच आहे हे कुणी मोजलंय?" त्यावर हसू थांबलं, आणि पुढचे सहा महिने सर माझ्याशी कामापुरतं बोलले.

त्याच सुमारास आई तपासणीसाठी पुण्याला आली. ऑपरेशनच्या जुन्या व्रणाजवळ तिला बारीक कडक गाठी लागत होत्या. तपासणीला दोन दिवस होते, म्हणून मी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिने चप्पल बाहेर काढली. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि तो पट्टा दाखवला.

"ह्यो काय करतो?"

"माहीत नाही. याचं प्रथिन होत नाही. सर म्हणतात फेकून दे."

"सरांला ठाव हाय का, ह्यो काय करतो?"

"नाही."

"मंग फेक म्हनतो कशाच्या जोरावर?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती फिल्मवरच्या नंबरांकडे बघत होती. "ह्या कुनाच्या गाठी?"

"दवाखान्यातल्या बायकांच्या. ऑपरेशन झालं की थोडा तुकडा आम्हाला देतात."

"त्या बायांला इचारलं व्हतं का?"

मी म्हटलं, ऑपरेशनच्या कागदावर सही असते. तिने विचारलं, "कुनाची सही?" मला ठाऊक होतं कुणाची असते. नवऱ्याची, मुलाची, भावाची. त्या बायकांपैकी कितीजणींना आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आणि मी, जिने मांजरसुंब्याच्या बाकड्यावर बसून ते सगळं ऐकून घेतलं होतं, ती दोन वर्षं तुकडे गोठवायला नायट्रोजनचं भांडं घेऊन शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभी राहत होते आणि आतल्या बाईचा चेहराही बघत नव्हते.

आईने चप्पल घातली आणि भूक लागली म्हणाली.

पुढच्या आठवड्यापासून मी वॉर्डात जायला लागले. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बाईच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसायचं. ताई, तुमची गाठ काढणार आहेत. त्यातला एवढासा तुकडा मला हवाय, हा आजार का होतो ते शोधायला. तुमचा यात काही फायदा होणार नाही, खोटं सांगत नाही. नाही म्हणालात तरी उपचार तोच मिळेल. आधी डॉक्टर चिडले, मग नातेवाईक. एका मुलाने मला वॉर्डाबाहेर काढलं. आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही कोण सांगणाऱ्या, म्हणाला. तिचा तुकडा मी घेतला नाही. काही बायका नाही म्हणाल्या. एक शेतमजूर बाई म्हणाली, "तुकडा कशापायी, सगळीच न्या की, मला काय परत लावायचीय?" आणि स्वतःच इतकी हसली की टाके घातलेली एक बाई शेजारच्या खाटेवरून ओरडली, हसवू नका गं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "नमुने निम्म्यावर आलेत. हे काय सुरू केलंस?"

"विचारून घेतेय, सर."

"कायद्याने गरज नाही."

"मला आहे."

"तू समाजसेविका आहेस की संशोधक?"

"ज्यांच्या गाठी आहेत त्यांना माहीत असलं तर माझं संशोधन बिघडत नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. सर म्हणाले, "वेळ लागेल तुला. माझ्याकडे मुदतवाढ मागायला येऊ नकोस." मला खरंच एक वर्ष जास्त लागलं.

आईच्या व्रणाजवळच्या गाठी म्हणजे तोच आजार निघाला. पुन्हा काढायचं ठरलं. आदल्या दुपारी मी तिच्या खाटेपाशी स्टूलवर बसले होते, मुलगी म्हणून. ती म्हणाली, "समद्यांला इचारतीस, मला न्हाई इचारणार?"

मी विचारलं. नेहमीची सगळी वाक्यं, एकही न गाळता. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "घे."

त्या तुकड्यावरचं काम मी दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते. दिलं नाही. आरएनए चांगला आला. फिल्म धुवून काढली. आईच्या तुकड्याच्या जागी काहीच नव्हतं. तो पट्टा, ज्याच्यासाठी मी भांडले, हसं करून घेतलं, आईच्या गाठीत नव्हताच. मी पुन्हा केलं. पुन्हा नव्हताच. अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. आईसाठी की पट्ट्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

बीडला गेल्यावर तिला सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग माजं दुसरंच कायतरी असंल. त्ये बी शोध. आन् ज्या बायांत हाय, त्येंचं सोडू नको."

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. हाडांत गेलं होतं. शेवटी पाठ टेकवत नव्हती, तरी दुपारी दुकानात जायचा हट्ट सोडला नव्हता. अप्पा रिक्षा करून तिला न्यायचे, दोन उशा पाठीला लावून बसवायचे आणि ती गिऱ्हाइकाशी कुकरच्या शिट्टीवरून वाद घालायची. आमच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात. तिला बसवलं तेव्हा चेहरा नेहमीसारखाच वाटत होता, काहीतरी मान्य नसल्यासारखा.

तिच्यानंतर तीन महिन्यांनी माझा प्रबंध तयार झाला. पाच अध्याय. पहिल्या चारांत प्रथिनं बनवणारी शहाणी जनुकं, पाचव्यात माझा आरएनए. सर म्हणाले, "चार पुरेत. पाचवा काढ आणि उद्या दे."

"काढणार नाही."

"मग माझी सही नाही."

मी रोज सकाळी प्रबंध घेऊन त्यांच्या केबिनसमोर उभी राहायचे. ते आत जायचे, मी उभी. ते जेवायला जायचे, मी उभी. लोक बघायचे. दोन आठवडे झाल्यावर त्यांनी दार उघडून हात पुढे केला, सही केली आणि म्हणाले, "परीक्षकांनी फाडून टाकलं तर माझ्याकडे बघू नकोस."

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिल्या चार अध्यायांवर फारसं विचारलं नाही. पाचवा उघडून एकाने प्रश्न केला, "याचं कार्य काय?"

"माहीत नाही."

"मग हे का लिहिलं?"

"काही बायकांच्या गाठींत तो आहे आणि शेजारच्या निरोगी भागात नाही, हे खरं आहे म्हणून. काहींच्यात नाही, तेही लिहिलंय. त्याचं काम मला सापडलेलं नाही. पण मला सापडलं नाही म्हणजे त्याला काम नाही, असं मी लिहिणार नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पदवी मिळाली. शोधनिबंध मात्र तीन ठिकाणांहून परत आला.

पुढे मोठी गंमत झाली. काही वर्षांत जगभर तसे आरएनए सापडायला लागले, शेकड्यांनी, मग हजारांनी. त्यांना नाव मिळालं, लांब, प्रथिन न बनवणारे आरएनए. काही जनुकं बंद करतात, काही उघडतात, काही गाठीला पसरायला मदत करतात, काही तिला आवरतात, असं निघालं. अजूनही त्यातल्या बहुतेकांचं काम कुणाला ठाऊक नाही, आणि काही खरोखर गोंगाटच असतील. सर थोडे तरी बरोबर होते, हे मला कबूल करायला हवं. एक दिवस त्यांचा फोन आला. निवृत्तीला आले होते. "तुझा तो पाचवा अध्याय एका विद्यार्थ्याला वाचायला द्यायचाय. प्रत आहे का?"

"ग्रंथालयात आहे, सर. तुमच्या सहीनिशी."

ते हसले. बऱ्याच वर्षांनी ते हसू मला आवडलं.

आता माझी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आहे. गेली तीन वर्षं आम्ही वाढवलेल्या गाठीच्या पेशींमध्ये तो आरएनए बंद पाडून बघतोय. काही पेशींची हालचाल मंदावते. काहींना ढिम्म फरक पडत नाही. गेल्या महिन्यात निबंध पाठवला, तो परत आला. तपासणाऱ्याने लिहिलं होतं की परिणाम सर्वत्र सारखा नाही, म्हणून महत्त्वाचा वाटत नाही. मी उत्तरात लिहिलं की आजारही सर्व बायकांत सारखा नसतो. दोन प्रयोग नव्याने केले, एक आकृती बदलली, आणि परवा तोच निबंध पुन्हा पाठवला.